सीपीआर सगळ्यांना सक्तीने शिकवावं का?

पाऊसवेडी:
गेल्या महिन्यात ऑफिसात सीपीआरचं, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबत राहण्याचं, तीन तासांचं ट्रेनिंग झालं. मला वाटायचं छाती हलकीच दाबायची असते, पण नाही, पाच ते सहा सेंटीमीटर खाली गेली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दर वेळी पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत माझी मनगटं भरून आली. हे शाळेतच सक्तीचं करा असं माझं ठाम मत झालंय, डेन्मार्कने २००५ सालीच केलंय. हृदय थांबलं की चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते, तेवढ्यात अँब्युलन्स पोचेलच असं नाही ना.

भटका:
मला नाही पटत. तीन तास पुतळा दाबून आलेला माणूस उद्या साधी चक्कर आलेल्याच्या फासळ्या मोडेल. आणि सहा महिन्यांत निम्मं विसरलेलं असतं. सक्ती केली की सर्टिफिकेटपुरतं शिकणार सगळे. तोच पैसा अँब्युलन्सवर घाला.

कंदील:
मी नर्स आहे, इमर्जन्सीला बरीच वर्षं काढलीत. भटका, विसरण्याचं तुमचं म्हणणं खरंय, म्हणून तर दर वर्षी उजळणी हवी. पण फासळ्यांचं भय सोडा. हाक मारून, खांदे हलवून माणूस उठत नाही आणि श्वास नीट नाही, तर दाबायला सुरुवात करायची, हृदय चालू असलेल्याला चुकून दाबलं तरी गंभीर इजा क्वचितच होते. उलटी चूक जास्त घातक. हृदय थांबल्यावरही काही जण मधूनच घोरल्यासारखा आचका देतात, घरचे म्हणतात श्वास चालू आहे की, आणि नुसते पाणी शिंपडत बसतात. मला शिकवायला एकच गोष्ट दिली तर मी तो आचका ओळखायला शिकवेन.

संध्याछाया:
वेगळं बोलते. माझे बाबा घरातच कोसळले, मी कोर्स केलेला होता, अँब्युलन्स येईपर्यंत दाबत राहिले. हाताखाली कट्ट झालेलं अजून जाणवतं. बाबा गेले. चार वर्षं मी धरून बसले की माझंच काहीतरी चुकलं. कोर्समध्ये कुणी सांगितलंच नाही की सगळं बरोबर करूनही बहुतेक वेळा माणूस वाचत नाही. शिकवा, पण हे सांगून शिकवा. पंधरा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर हे ओझं सक्तीने देताना मला तरी भीती वाटते.

पाऊसवेडी:
ताई, वाचून गलबलून आलं. आमच्याकडेही हे कुणी बोललं नाही.

कंदील:
संध्याछाया, तुमचं काही चुकलं नाही. इतकं खोल दाबल्यावर फासळी जातेच कित्येकदा, आम्ही दाबतो तेव्हाही जाते. आणि हृदय बहुतेक वेळा घरीच थांबतं, समोर आपलंच माणूस असतं, त्यामुळे हे बोलणं ट्रेनिंगमध्ये यायलाच हवं.

भटका:
आचक्याचं मला खरंच माहीत नव्हतं, फासळ्यांचा मुद्दा मागे घेतो. पण अँब्युलन्सवर मी ठाम आहे. दाबून वेळ मिळतो, बिघडलेली लय ताळ्यावर आणायला शॉकच लागतो, मग मशीन कुठंय?

कंदील:
बरोबर, एईडी, म्हणजे ते शॉक देणारं मशीन, हवंच. चालू केलं की ते स्वतः बोलून सांगतं, गरज नसेल तर शॉक देतच नाही. पण ते आणायला एक जण पळाला की दुसऱ्याने दाबत राहायचं असतं, तो दुसरा कुठून आणायचा?

भटका:
शिकवा मग. सक्ती मात्र नको.