कॅमेरा पोटासाठी आणि कॅमेरा स्वतःसाठी: दोन्ही एका हातात राहतं का?

सातारकर_फोटो

बारा वर्षं लग्नाच्या ऑर्डरी करतोय. आधी दोन वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली लाइट धरली, मग स्वतःचं सुरू केलं. घर चालतं, कॅमेऱ्याचे हप्ते फिटलेत. पैशांबद्दल तक्रार नाही.

गेल्या सप्टेंबरात कासला गेलो. साताऱ्यापासून पंचवीस किलोमीटर, लहानपणापासूनचं ठिकाण. पूर्वी सीतेची आसवं टिपायला ओल्या कातळावर तासभर पालथा पडून असायचो. इवलंसं फूल, वारा थांबेपर्यंत श्वास रोखून बसायचं. या वेळी बॅग गाडीतून काढलीच नाही. कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच मनात येतं, हा फोटो द्यायचा कुणाला? कुणालाच नाही, मग कशाला काढायचा? हे जाणवलं तेव्हा फार वाईट वाटलं.

दुसरी गोष्ट मागच्या महिन्यातली. मंगलाष्टका चालू होत्या. कोपऱ्यातल्या खुर्चीत मुलीची आजी तळहातावरच्या अक्षता बोटाने हळूहळू चाळत होती, खिडकीचा उजेड नेमका हातांवर. मी पाच-सहा फ्रेम घेतल्या आणि तेवढ्यात अंतरपाट खाली गेला. हार घालतानाचा फोटो असिस्टंटकडे आहे, पण पाठमोरा. पार्टी रागावली, आणि त्यांचं बरोबरच होतं. आजीचा तो फोटो मात्र माझ्या बारा वर्षांतला सगळ्यात चांगला फोटो आहे. अल्बमच्या सिलेक्शनमध्ये तो कुणीही घेतला नाही.

एका साखर कारखान्याच्या ऑफिसात नोकरी मिळण्यासारखी आहे. या तुळशीच्या लग्नापासून नवीन बुकिंग बंद करावं असं मनात आहे. पोट नोकरीवर, कॅमेरा फक्त माझा. एकाच डोळ्याने ही दोन्ही कामं होत नाहीत, असं माझं मत झालंय. ज्यांनी दोन्ही करून पाहिलंय त्यांनी सांगा.

पाणथळ

नोकरी घ्या. मी बँकेत आहे, रविवारी पहाटे नांदूर मध्यमेश्वरला असते. (नाशिक जिल्ह्यातलं. महत्त्वाच्या पाणथळांच्या जागतिक रामसर यादीत 2020 साली गेलेलं, महाराष्ट्रातलं त्या यादीतलं पहिलं पाणथळ.) चमचा पक्ष्यांचा थवा धुक्यातून उठतानाचा एक फोटो मला हवा होता, त्याला तीन हिवाळे लागले. तीन हिवाळे रिकाम्या हातांनी परतले तरी पगार चुकला नाही, म्हणून तो फोटो झाला. एवढी वाट बघणं कुठल्या क्लायंटला परवडेल?

छत्री_आणि_फ्लॅश

धागाकर्त्यांना माझा स्पष्ट विरोध. खिडकीचा उजेड आजीच्या हातांवर पडलाय हे तुम्हाला अर्ध्या सेकंदात दिसलं. वर पिवळे दिवे, बाजूला व्हिडिओवाल्याचा पांढरा लाइट, त्या गोंधळात एक्स्पोजर बरोबर आलं. हे कुठे शिकलात? ऑर्डरींमध्येच. नोकरी धरून वर्षातून चार वेळा कॅमेरा हातात घेतलात तर ती आजी तुम्हाला दिसणारसुद्धा नाही.

अंतरपाट हुकला तो माणसं नीट न लावल्यामुळे. मंगलाष्टकांना एक जण समोर बांधूनच ठेवायचा, त्याने हलायचं नाही. मग दुसरा मोकळा राहतो.

आणि पाणथळ ताई, हौशी माणसं फोटो फुकट देतात त्याने आमचे दर पडतात. मी इंडस्ट्रियल कामं करतो. मागे एका कॅलेंडरच्या कामाला दर सांगितला, तर उत्तर आलं, "अहो, लोक स्वतःहून पाठवतात, फक्त नाव छापायचं."

पाणथळ

दादा, मी विकत नाही म्हणजे वाटत सुटते असं नाही. मलाही असंच नुसतं नाव छापण्याचं आमिष आलं होतं, मी नाही म्हटलं. फोटो देते ते फक्त पक्षीगणनेच्या नोंदींसाठी. दर पडण्याबद्दलचं तुमचं दुखणं खरं आहे, ते मला आधी कळलं नव्हतं. पण त्यावर उपाय म्हणून प्रत्येक हौशीने धंदा करावा, हे पटत नाही.

छत्री_आणि_फ्लॅश

होमाई व्यारावाला आठवा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. दिल्लीत ब्रिटिश माहिती खात्यात पगारावर काम केलं, स्वातंत्र्याच्या काळातले किती क्षण त्यांच्यामुळे आपल्याला दिसतात! ते सगळं पगारी काम होतं. प्रेम कमी होतं का?

पाणथळ

त्यांचंच उदाहरण पुढे न्या. 1970 मध्ये त्यांनी फोटोग्राफी सोडली. नव्या फोटोग्राफरांचं वागणं पटेना, पतीही आदल्या वर्षी गेले होते. त्यानंतर 2012 मध्ये जाईपर्यंत त्या फोटोग्राफीकडे परतल्या नाहीत. धंद्यातली हवा बिघडली आणि त्याबरोबर कॅमेराही सुटला. सातारकरांना कासला नेमकी तीच भीती वाटली असणार.

नवरी_2019

पैसे देणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. आमच्या फोटोग्राफरने दिव्यांचे, मेंदीचे, रांगोळीचे अप्रतिम फोटो काढले. कानपिळीचा एकही नाही. भाऊ त्यासाठी सुट्टी घेऊन परदेशातून आला होता, दोन दिवसांत परत गेला. दिव्यांचे फोटो मी कधी उघडून बघत नाही. त्या दिवसाचे पैसे आम्ही दिलेत, तो दिवस आमचा आहे. तुमची आवड माझ्या मांडवात नको. कठोर वाटेल, पण मनापासून लिहिलंय.

काळा_कोट

कायदाही साधारण तुमच्याच बाजूने आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक काम देणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे आजीचा फोटो सातारकरांनी काढला तरी तो प्रदर्शनात लावायचा हक्क बहुधा त्यांच्याकडे नाही. बुकिंगच्या कागदावर त्याबद्दल एक ओळ घाला. ॲडव्हान्स आणि तारीख लिहितो, ही ओळ कुणीच लिहीत नाही.

सातारकर_फोटो

हे मला माहीत नव्हतं. बारा वर्षांत किती हजार फोटो काढले, आणि त्यातले माझे किती, हा प्रश्न रात्रभर डोक्यात होता.

जुना_डार्करूमवाला

सांगलीत तीस वर्षं स्टुडिओ चालवला. सोडू नका आणि एकत्रही करू नका. आषाढी एकादशी ते तुळशीचं लग्न, चार महिने पंचांगानेच तुम्हाला दिलेत. सह्याद्रीत फुलं, धुकं, बेडूक सगळं त्याच काळात. मी 35 एमएमची एक लेन्स वेगळी ठेवली होती, ती ऑर्डरीला कधीच नेली नाही. ती लावली की हाताला कळायचं, आज कुणाचं देणं नाही.

सातारकर_फोटो

काका, तुमच्या वेळचा चातुर्मास आता राहिलेला नाही. काढीव मुहूर्तांवर लग्नं लागतात, वर बारशी, डोहाळजेवणं. एका लग्नाच्या दोन-तीन हजार फ्रेम, आणि उन्हाळ्यातले सगळे अल्बम मी पावसाळ्यातच करत बसतो. कास फुलतं तेव्हा मी स्क्रीनसमोर असतो.

जुना_डार्करूमवाला

मग पावसाळ्यातल्या ऑर्डरी नाकारा. उत्पन्न घटेल, घरात बोलून ठरवा. कारखान्यातल्या नोकरीला तरी पावसाळ्यात सुट्टी आहे का?

छत्री_आणि_फ्लॅश

काकांना +१. एडिटिंग बाहेर द्या, तेवढा दर वाढवा. बारा वर्षांच्या माणसाने नवशिक्याचा दर लावून सगळं एकट्याने करायचं, हेच मुळात चुकतंय.

पाणथळ

दर वाढला की अपेक्षाही वाढतात. मग ड्रोन, रील, दुसऱ्या दिवशी ट्रेलर. मोकळा वेळ त्यातून मिळत नाही हो, माझ्या चुलतभावाचं झालेलं बघितलंय.

सातारकर_फोटो

नोकरीचं अजून कळवलेलं नाही. पुढच्या आठवड्यात माउलींची पालखी आमच्या जिल्ह्यात येतेय. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण आहे आणि त्याच दिवशी शेवटच्या मुहूर्तांपैकी एक ऑर्डर होती. ती मित्राकडे दिली, ॲडव्हान्सही त्याच्याकडे वळवला. रिंगणाला जातोय.

काल त्या आजींच्या घरी गेलो होतो. अंतरपाटाबद्दल पुन्हा माफी मागितली आणि फोटो दाखवला. मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन त्या बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, प्रदर्शनात नको बाबा. मला एक दे, पोथीत राहील एवढा.

छत्री_आणि_फ्लॅश

प्रिंटचे पैसे घ्या. थोडे घ्या, पण घ्या.

सातारकर_फोटो

बाकी सगळ्यांचे घेईन, दरही वाढवीन. या एका प्रिंटचे घेणार नाही.