परदेशी सरकारच्या पैशावर हक्कांचं काम: कायद्यात बसतं का? ते देतात तरी कशाला?

बांधावरचा:
आमच्या तालुक्यात एक लहान संस्था आहे. रेशन, रोजगार हमीची थकलेली मजुरी, माहिती अधिकाराचे अर्ज, असलं काम करते. परवा ग्रामसभेत एकजण उठून म्हणाला, "यांना गोऱ्या सरकारचा पैसा येतो." संस्थेच्या बाईंनी सरळ सांगितलं, होय, एका युरोपीय सरकारचा निधी होता, तीन वर्षांचा, संपला. मग विषय पाणीपट्टीवर गेला. माझ्या डोक्यातनं मात्र जात नाही. तिकडच्या सरकारला आमच्या रेशनकार्डाचं काय पडलंय?

खतावणी:
अशाच एका संस्थेत मी बावीस वर्षं हिशेब लिहिले. आधी कायद्याचं. बसतं, पण दार अरुंद आहे. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरचा कायदा, मूळचा १९७६ चा, आणीबाणीतला. आत्ताचा २०१० चा, २०२० ला आणखी आवळलेला. परदेशी पैसा पहिल्यांदा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच उतरतो. मोठ्या संस्थेनं घेऊन लहानीला वाटायचा, ते बंद. प्रशासकीय खर्च ५० टक्क्यांपर्यंत चालायचा, आता २०. आणि कायद्यात कामाचे प्रकार पाच: सांस्कृतिक, आर्थिक, शैक्षणिक, धार्मिक, सामाजिक. 'मानवी हक्क' हा रकानाच नाही. आम्ही 'सामाजिक' लिहायचो.

का देतात? काहींना खरंच कळकळ असते, काहींना वजन पाहिजे असतं, बहुतेकांना दोन्ही. मला खुपलं ते वेगळंच. पाड्यावरच्या बैठकीला जीप केली होती. जीपवाल्यानं कॅलेंडरच्या फाटक्या पानामागं लिहून दिलं: "३५०, दोन फेऱ्या", खाली अंगठा. तिकडून आलेल्या तपासनिसाला त्याचं इंग्रजी भाषांतर हवं होतं! माणूस वाईट नव्हता, पिठलं दोनदा मागून घेतलं त्यानं. पण त्याच्या तक्त्यात किती बैठका, किती बाया, एवढंच. एका म्हातारीचं नाव रेशनकार्डातनं उडालेलं. परत चढवायला चौदा महिने आणि तहसीलच्या एकोणीस फेऱ्या लागल्या. तक्त्यात ती "लाभार्थी: १". पुढच्या वर्षी आमच्याच पोरांनी बैठका वाढवल्या, तहसीलच्या फेऱ्या कमी केल्या. कुणी सांगितलं नव्हतं तसं करायला.

सांगून_ठेवतो:
"वजन पाहिजे असतं" हे फारच मवाळ झालं. २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेनं एका सहीत परदेशी मदत गोठवली, १ जुलैला यूएसएड, म्हणजे तिथल्या सरकारची १९६१ पासूनची परदेशी मदतीची संस्था, मिटली. मतदान तिकडं, टाळं जगभरच्या संस्थांना. राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेनं संस्थांकडून निधी घेतलाच नाही, देशी ना परदेशी. माहिती अधिकाराची लढाई उभी राहिली ती त्यांच्या जनसुनावण्यांतनं.

गोठणबिंदू:
स्टॉकहोमहून लिहितेय. इथले जुने लोक दक्षिण आफ्रिकेची गोष्ट सांगतात. वर्णद्वेषी सरकारनं १९६६ ला बंदी घातलेला एक फंड लंडनहून चालायचा, कॅनन जॉन कॉलिन्स यांचा. स्वीडनचं सरकार त्याच्या मोठ्या देणगीदारांपैकी. राजकीय खटल्यांच्या वकिलांची फी एका वकिलाकडून दुसऱ्याकडे अशी फिरत जायची. कैद्यांच्या घरी पैसे जायचे ते साध्या घरगुती पत्रांतून, पत्रमैत्रिणीनं पाठवावेत तसे. तिथं जीपची पावती कोण मागणार? आणि "दुसऱ्याच्या घरात नाक" म्हणाल, तर दक्षिण आफ्रिकेशी व्यापार भारतानं १९४६ लाच तोडला होता, आणि १९६७ मध्ये एएनसीला, म्हणजे तिथल्या वर्णद्वेषाविरुद्ध लढणाऱ्या पक्षाला, दिल्लीत कार्यालय उघडू दिलं होतं.

खतावणी:
पटलं. पण सांगून_ठेवतो, वर्गणी आम्हीही काढून पाहिली. अकरा गावं, ११,४०० रुपये. एका कार्यकर्तीचं दीड महिन्याचं मानधन. तेवढ्यासाठी पाच जण दोन आठवडे हिंडलो. गंमत म्हणजे त्या पैशाचा हिशेब गावानं तपासनिसापेक्षा कडक मागितला. चहा कुणी प्याला, इथपर्यंत.

बांधावरचा:
ग्रामसभेत बोललेला तो माणूस आमचाच चुलतभाऊ आहे, आधी सांगायचं राहिलं. मंगळवारी त्याला घेऊन बाईंकडे जातो. पावतीपुस्तक छापलंय का विचारतो.