राऊटरवर टाइम झोन बरोबर लावला, तरी वायफाय पहाटे चारला बंद होतंय

धडपड्या

जुन्या राऊटरवर ओपनडब्ल्यूआरटी (कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी टाकायची मोफत प्रणाली) टाकलंय, २३.०५ आवृत्ती. इंटरनेट, वेग, रेंज सगळं झकास. घोळ आहे तो घड्याळाचा.

मुलं रात्री जागत बसतात म्हणून शेड्यूल्ड टास्कमध्ये दोन ओळी टाकल्या. रात्री साडेदहाला वायफाय बंद, सकाळी सहाला चालू. झालं असं की मुलं रात्रभर मजेत, आणि पहाटे चारला वायफाय गेलं ते थेट साडेअकराला आलं. माझी सकाळची मीटिंग मोबाइल डेटावर. मग कळलं की टाइम झोन यूटीसीच (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) राहिलाय. सिस्टमच्या पानावर जाऊन तो बदलला, सेव्ह अँड अप्लाय केलं. आता त्या पानावर वेळ अगदी बरोबर दिसते, मनगटावरच्या घड्याळाशी सेकंदही जुळतो. तरी काल पुन्हा पहाटे चारलाच बंद!

दुसरी गोष्ट, तिचा याच्याशी संबंध आहे की नाही माहीत नाही. वीज जाऊन आली की राऊटर चालू होतो, वायफाय दिसतं, पण एकही साइट उघडत नाही. पूर्वी असं होत नव्हतं. सुरुवातीचे काही महिने वीज कितीही वेळा गेली तरी मिनिटभरात सगळं आपोआप सुरळीत व्हायचं. सेटिंगला तेव्हापासून हात लावलेला नाही (टाइम झोन परवा बदलला तेवढाच). डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) मी एन्क्रिप्टेड केलंय, डीएनएस ओव्हर टीएलएस, म्हणजे सुरक्षित जोडणीतून, तेही पहिल्याच आठवड्यात. लॉगमध्ये चालू होतानाच्या ओळींवर भलतीच जुनी तारीख दिसते.

फॅक्टरी रीसेट मारून पहिल्यापासून करू का?

रात्रपाळी

रीसेट अजिबात नको. रीसेट मारला तर दोन्ही दुखणी जशीच्या तशी परत येतील, वर वायफायचे पासवर्ड पुन्हा टाकत बसाल ते वेगळंच.

मी नेटवर्कच्या देखभालीत आहे, त्यामुळे घड्याळं चुकलेली उपकरणं रोज बघतो. माझा एकच नियम: घड्याळ चुकलंय हे कळल्यावर आधी किती चुकलंय ते बघायचं. चुकीचा आकडाच कारण सांगतो. बरोब्बर साडेपाच तास मागे असेल तर वेळ ठीक आहे, झोन लागलेला नाही. बरोब्बर अकरा तास मागे असेल तर कुणीतरी कॉन्फिग फाइलमध्ये झोन हातानं लिहिलाय आणि चिन्ह उलटं पडलंय. त्या पद्धतीत यूटीसीच्या पुढे असलेल्यांनी उणे लिहायचं असतं, म्हणजे 'उणे ५:३०'. माणूस सरळ मनानं अधिक लिहितो, साडेपाच पुढे जायच्या ऐवजी साडेपाच मागे जातो आणि फरक दुप्पट होतो. सन १९७० दिसलं तर घड्याळ शून्यावरून निघालंय आणि त्याला अजून कुणी वेळ सांगितलेलीच नाही. आणि काही आठवडे किंवा महिने मागे असेल, तर तुमची दुसरी तक्रार.

पहिली आधी संपवू. साडेदहा यूटीसीला म्हणजे आपल्याकडे पहाटेचे चार, आणि सहा यूटीसी म्हणजे साडेअकरा. तुमचे दोन्ही आकडे तंतोतंत बसतात, म्हणजे टास्क अजूनही यूटीसीवरच धावतायत. टास्क चालवतो तो क्रॉन नावाचा प्रोग्राम. तो सुरू होताना झोन बघतो आणि तोच धरून बसतो. तुम्ही झोन नंतर बदलला, पानावरची वेळ लगेच सुधारली, पण क्रॉनला निरोप गेला नाही. सिस्टमच्या मेनूत स्टार्टअप उघडा, यादीत क्रॉन शोधा, त्याच्यासमोरचं रीस्टार्ट दाबा. झालं. (राऊटर एकदा रीबूट केला असता तरी भागलं असतं, पण रीबूटनं बरं झालेलं दुखणं कशाचं होतं ते कधी कळत नाही.)

आता वीज. घरगुती राऊटरमध्ये सहसा घड्याळाची बॅटरी नसते. लॅपटॉप बंद असतानाही त्याचं घड्याळ आत टिकटिकत असतं, राऊटरचं थांबतं. मग चालू होताना ओपनडब्ल्यूआरटी एक जुगाड करतं: ईटीसी फोल्डरमधली सगळ्यात ताजी फाइल शोधतं आणि तिची तारीख हीच आजची तारीख असं धरून चालतं. त्या फोल्डरमध्ये सेटिंग असतात. म्हणजे तुम्ही शेवटची सेटिंग ज्या दिवशी बदलली, त्या दिवशी राऊटर जागा होतो. पुढे इंटरनेट आलं की एनटीपीवरून (इंटरनेटवरच्या सर्व्हरला वेळ विचारायची पद्धत) खरी वेळ घेतो आणि लॉगमधली तारीख एकदम उडी मारते. लॉगमध्ये दिसणारी जुनी तारीख म्हणजे हीच, तिच्यात काही बिघाड नाही.

अडचण पुढे आहे. वेळ विचारायची तर एनटीपी सर्व्हरच्या नावाचा पत्ता हवा, पत्ता डीएनएस देणार. तुमचं डीएनएस टीएलएसमधून जातं, म्हणजे आधी समोरच्याचं सर्टिफिकेट, त्याचं ओळखपत्र, तपासणार. सर्टिफिकेटवर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. सुरुवातीला तुमची सेटिंग ताजी होती, घड्याळ थोडंसंच मागे असायचं, सर्टिफिकेट त्या मुदतीत बसायचं. दरम्यान डीएनएसवाल्यांनी सर्टिफिकेट नवं घेतलं. राऊटर जागा होतो काही महिने मागच्या तारखेला आणि म्हणतो, हे सर्टिफिकेट तर अजून सुरूच झालेलं नाही. डीएनएस नाही म्हणून वेळ नाही, वेळ नाही म्हणून डीएनएस नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तसलं प्रकरण.

परवा तुम्ही झोन बदललात, म्हणजे फाइल ताजी झाली. त्यामुळे आता काही दिवस वीज गेली तरी चालेल आणि तुम्हाला वाटेल दुरुस्त झालं. तसं समजू नका.

कोपऱ्यातला स्विच

रात्रपाळींनी छान सांगितलंय. सोपा उपाय: एनटीपी सर्व्हरच्या रकान्यात नावाऐवजी थेट आयपी पत्ता टाका. डीएनएसची भानगडच नको. नाव पिंग करून जो आकडा येतो तो उचलायचा.

रात्रपाळी

स्विचराव, चालेल, पण किती दिवस? ओपनडब्ल्यूआरटीत मुळात जी चार नावं असतात ती एनटीपी पूलची. त्यामागे लोकांनी आपखुशीनं उभे केलेले हजारो सर्व्हर आहेत, आणि दर खेपेला वेगवेगळे पत्ते मिळतात. त्यातला एक आकडा उचलून कायमचा ठोकला, तर त्या माणसानं उद्या सर्व्हर बंद केला की तुम्ही पुन्हा तिथंच. शिवाय ज्याचा सर्व्हर आहे त्याच्यावर हा अन्याय.

याचं मोठं उदाहरण २००३चं आहे. नेटगिअरच्या काही राऊटरांच्या फर्मवेअरमध्ये (आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या वेळ-सर्व्हरचा पत्ता पक्का लिहिलेला होता. वर उत्तर आलं नाही तर दर सेकंदाला पुन्हा विचार, असंही. असे राऊटर विकले गेले लाखोंनी. विद्यापीठाकडे सेकंदाला अडीच लाखांच्या घरात पॅकेट यायला लागली, त्यांना आधी हल्लाच झाल्यासारखं वाटलं. विकलेल्या राऊटरांत कोण जाऊन पत्ता बदलणार? पत्ता नावाचा असता तर डीएनएसमध्ये एका ओळीत वळवता आला असता.

आयपीच टाकायचा तर ज्याची सेवा तुम्ही घेता त्यानं स्वतः जाहीर केलेला टाका, पिंग करून सापडलेला नको. इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा एनटीपी सर्व्हर असेल तर उत्तम.

धडपड्या, तुमच्यासाठी मी हे करीन: नावं तशीच ठेवायची आणि फक्त त्या नावांपुरतं डीएनएस साधं ठेवायचं. डीएचसीपी अँड डीएनएसच्या पानावर फॉरवर्ड्सचा रकाना आहे. त्यात एक नोंद वाढवायची: तिरकी रेघ, मग पूलचं नाव 'पूल डॉट एनटीपी डॉट ओआरजी', पुन्हा तिरकी रेघ, आणि लगेच एखाद्या साध्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता, उदाहरणार्थ ९.९.९.९. मध्ये मोकळी जागा कुठंच नको आणि आकडे अर्थात इंग्रजी टाइप करायचे. याचा अर्थ, या नावाखालचं जे काही विचारलं जाईल ते याला साध्या मार्गानं विचार, बाकी सगळं टीएलएसमधूनच जाऊ दे. उघड्यावर जातं ते एवढंच की या घरात कुणीतरी किती वाजले ते विचारतंय. ते कुणी वाचलं तर वाचू दे.

आणि अडल्या वेळी: सिस्टमच्या पानावर वेळेच्या शेजारी 'सिंक विथ ब्राउझर' बटण आहे. ते तुमच्या फोनची किंवा लॅपटॉपची वेळ राऊटरला देतं, इंटरनेट लागत नाही. दाबलं की काही सेकंदांत साइट उघडायला लागतील. पुढच्या वेळी वीज आल्यावर अडलं तर आधी हेच दाबून बघा. उघडलं तर माझं निदान बरोबर, नाही उघडलं तर लॉग इथे टाका.

लिनक्सवेडी

मध्येच विचारते. मी क्रॉनमध्ये रोज पहाटे रीबूट लावलाय. एकदा-दोनदा असं झालं की रीबूट होऊन आला आणि लगेच पुन्हा रीबूट झाला. हेही घड्याळामुळेच का?

रात्रपाळी

हो, त्याच ताज्या फाइलच्या जुगाडामुळे. समजा रीबूट साडेचारला आहे. त्याच्या जरा आधी ईटीसीमध्ये एखादी फाइल लिहिली गेली, तर चालू झाल्यावर घड्याळ त्या फाइलच्या वेळेवर येतं, म्हणजे साडेचारच्या किंचित अलीकडे. क्रॉन जागा असतोच. साडेचार वाजले, मारला रीबूट. म्हणून ती ओळ अशी लिहायची की साडेचारला आधी ७० सेकंद थांब, मग ईटीसीमधल्या बॅनर नावाच्या फाइलला टच कर, मग रीबूट. ७० सेकंदांनी ते मिनिट उलटून जातं, टच केल्यामुळे फाइलची तारीख त्या मिनिटाच्या पुढची होते, आणि घड्याळ चालू होतानाच साडेचारच्या पलीकडे असतं. ओपनडब्ल्यूआरटीच्या माहितीपानांवरही हाच उपाय दिलेला आहे.

पण रोज रीबूट लागतोच कशाला? राऊटर रोज झोपवावा लागत असेल तर आत काहीतरी मेमरी खातंय. ते शोधा. लॉग मेमरीतच असतो, दर रीबूटला पुसला जातो, म्हणजे पुरावाही रोज पहाटे तुम्हीच पुसताय. घरात एखादा संगणक सतत चालू असेल तर लॉगिंगच्या टॅबमध्ये त्याचा पत्ता टाका, पोर्ट ५१४. लॉग तिकडे जाईल आणि टिकेल. तेव्हा होस्टनेमही बदलून घ्या. दोन उपकरणांचं नाव 'ओपनडब्ल्यूआरटी'च असलं तर कुठली ओळ कुणाची ते कळत नाही. नावात अक्षरं, आकडे आणि मधली आडवी रेघ एवढंच घ्यायचं, अंडरस्कोअर नको. स्वतःचं आडनावही घालू नका. डीएचसीपीनं (पत्ता आपोआप मिळण्याच्या पद्धतीनं) जोडणी असेल तर राऊटर हे नाव इंटरनेट कंपनीलाही कळवतो.

धडपड्या

क्रॉन रीस्टार्ट केला. काल रात्री साडेदहाला वायफाय गेलं आणि आतल्या खोलीतून एकदम 'बाबाऽऽ' अशी हाक आली. म्हणजे चाललं.

फॉरवर्डची नोंदही केली. खात्री करायला राऊटरचं घड्याळ मुद्दाम मागच्या वर्षात नेलं आणि एनटीपीची सेवा रीस्टार्ट केली. लॉगमध्ये तारीख उडी मारून आजवर आली. आधी ती नोंद काढून हेच केलं होतं, तेव्हा साइट खरंच उघडत नव्हत्या.

एक शेवटचं. कंपनीच्या मोडेमचा पत्ताही १९२.१६८.१.१ आहे आणि माझ्या राऊटरचाही. इंटरनेट चालतं, कारण मोडेम ब्रिजवर आहे (तो फक्त जोडणी पुढे देतो, बाकी राऊटर बघतो), पण मोडेमचं पान उघडता येत नाही. राऊटरचा पत्ता १९२.१६८.१०.१ करायला गेलो तर अप्लाय केल्यावर दीड मिनिट चाक फिरतं आणि पुन्हा जुनाच पत्ता येतो.

रात्रपाळी

ते तुमच्या भल्यासाठीच आहे. बदल लावल्यावर ९० सेकंदांत ब्राउझर राऊटरपर्यंत पोचला नाही, तर तुम्ही स्वतःला बाहेर कोंडलंत असं समजून तो सगळं मागे घेतो. तुमच्या लॅपटॉपकडे अजून जुन्या रांगेतला पत्ता असतो, म्हणून तो नव्या ठिकाणी पोचतच नाही.

लॅपटॉप केबलनं जोडा. पत्ता बदला, अप्लाय करा, आणि लगेच केबल काढून परत लावा, म्हणजे लॅपटॉप नव्या रांगेतला पत्ता मागून घेईल. तेवढ्या दीड मिनिटात ब्राउझरमध्ये नवा पत्ता टाकून लॉगिन केलंत की बदल पक्का होतो. जमत नसेल तर अप्लायच्या बटणाशेजारच्या बाणात 'अप्लाय अनचेक्ड' आहे, तो न तपासता लावतो. पण त्याआधी बॅकअपच्या पानावरून सेटिंगची फाइल उतरवून लॅपटॉपवर ठेवा, आणि नवा पत्ता टाइप करताना आकडे दोनदा वाचा. तिथे ती ९० सेकंदांची मुभा नसते.

मोडेम ब्रिजवर आहे म्हणालात, तर पत्ता बदलूनही त्याचं पान लगेच उघडेलच असं नाही. जोडणी पीपीपीओईची (कंपनीचं युजरनेम-पासवर्ड टाकून होणारी) असेल तर वॅनच्याच, म्हणजे इंटरनेटच्या बाजूच्या, पोर्टवर आणखी एक इंटरफेस करून त्याला मोडेमच्या रांगेतला पत्ता द्यावा लागतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२, आणि तो वॅनच्या फायरवॉल झोनमध्ये घालावा लागतो. आधी पत्ता बदला, मग जोडणी कुठल्या प्रकारची आहे ते लिहा.