दारातल्या मिडबासला क्रॉसओव्हर किती ठेवायचा? (स्विफ्ट, साडेसहा इंची)

केर्ली_फाटा:
गाडी २०१९ ची स्विफ्ट. मिडबास म्हणजे ढोलाच्या ठोक्याचा पट्टा वाजवणारा दारातला स्पीकर, आणि क्रॉसओव्हर म्हणजे दार आणि सब कुठल्या हर्ट्झला तोडायचे तो आकडा. पुढच्या दारातले कंपनीचे स्पीकर काढून साडेसहा इंची कंपोनंट सेट (मिडबास आणि बारीक आवाजाचा ट्वीटर वेगळे) बसवलाय. ॲम्प चार चॅनेल, ७५ वॅट आरएमएस (सतत मिळणारी ताकद). दोन चॅनेल दारांना, उरलेले दोन ब्रिज करून (जोडून एक करून) डिकीतल्या दहा इंची सबला, म्हणजे खालच्या बासच्या सबवूफरला. स्टिरिओत हाय-पास (आकड्याच्या खालचं कापतो), लो-पास (वरचं कापतो), स्लोप (किती उतारानं कापायचं) आणि टाइम अलाइनमेंट (स्पीकरला उशीर द्यायची सोय) आहे. सध्या दाराचा हाय-पास ८० हर्ट्झला, सबचा लो-पास ८० ला, दोन्हीकडं १२ डीबी स्लोप.

ढोलाचा ठोका छातीवर बसत नाही. बास सगळा पाठीमागनं, डिकीतनं येतोय असं वाटतं. दार ६० ला आणलं की आवाज २५ च्या वर गेल्यावर स्पीकर फडफडतो, १२० ला नेलं की गाणं पातळ. दुकानदार म्हणतो दार कापून आठ इंची मिडबास घाला. खरंच गरज आहे का? आणि स्पीकर बदलायचाच झाला तर काय बघून घ्यायचा?

उद्यमनगर_लेथ:
आठ इंचीचा विषय आत्ता बाजूला ठेवा, आधी दार बघा. मिडबासचा बॉक्स म्हणजे दारच. कोन पुढं येतो तेव्हा मागं उलटी लाट तयार होते. आतल्या पत्र्याला हात जाईल एवढी भोकं असतात, त्यातनं ती लाट फिरून पुढं येते आणि पुढच्या लाटेला खाऊन टाकते. ट्रेबलचं काही बिघडत नाही, खालचा ठोका मात्र जातो. असल्या दारात कितीही महाग स्पीकर घाला, पातळच वाजणार.

पॅड (दाराचं आतलं आवरण) काढा, प्लॅस्टिकची शीट सोडवा. मोठ्या भोकांवर १ मिमी ॲल्युमिनियमचा पत्रा स्क्रूनं बसवा आणि त्यावर ब्युटाइल (रबरी, थरथर दाबणारी) शीट लावा. नुसती शीट भोकावर ताणून चिकटवली तर ती ढोलाच्या पानासारखी हलते, उपयोग होत नाही. काचेची मोटर आणि लॉकची दोरी कुठं फिरते ते आधी काच वर-खाली करून बघून घ्या. बाहेरच्या पत्र्याला आतनं, स्पीकरच्या बरोबर मागं आणि मधल्या सपाट भागात शीट लावा. सगळा पत्रा झाकायची गरज नाही. बोटानं टिचकी मारा, ‘टण्ण’चा ‘ठप्प’ झाला की पुरे. चिकटवायच्या आधी पत्रा थिनरनं पुसा आणि शीटवरची नक्षी सपाट होईपर्यंत रोलर दाबा. नक्षी दिसतेय म्हणजे खाली हवा राहिली. डांबराची शीट स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका, उन्हात मऊ पडून सरकते आणि गाडीत वास मारते.

दाराच्या तळाला पाणी जायची भोकं असतात, ती कधीच बुजवायची नाहीत. काचेच्या फटीतनं पावसाचं पाणी दारात येतंच. गगनबावड्याच्या बाजूला येणं-जाणं असेल तर जास्तच. त्याच कारणानं स्पीकरखाली एमडीएफची (दाबलेल्या भुश्याच्या फळीची) रिंग नको, पाणी पिऊन फुगते आणि स्क्रू सैल पडतात. एचडीपीई (कडक प्लॅस्टिक) किंवा ॲल्युमिनियमची १५ मिमी रिंग लेथवर काढून घ्या. माप कागदावर न्या: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, स्क्रूची भोकं. काच पूर्ण खाली करून, रिंगची जाडी धरून काचेपर्यंत किती जागा उरते ते मोजा. स्पीकरची खोली त्याहून निदान ५ मिमी कमी हवी. रिंगच्या मागं फोम टेप लावा. स्पीकरच्या पुढच्या कडेपासून पॅडच्या जाळीपर्यंतसुद्धा फोमची कडी लावा. ती लावायची राहिली की बराच आवाज पॅडच्या मागंच घुमतो आणि क्लिपा खडखडतात.

पंचगंगा_घाट:
लेथवाल्या दादांचं दाराबद्दल बरोबर आहे. पण तुमच्या सेटिंगमध्येच एक चूक दिसतेय, ती फुकटात निघते.

१२ डीबीचा हाय-पास आणि १२ डीबीचा लो-पास एकाच आकड्यावर असले की दोघांत १८० अंशाचा फेज फरक पडतो. म्हणजे ८० हर्ट्झला सब ढकलतोय तेव्हा दार ओढतंय, आणि नेमका जोडावरचा आवाज मरतो. सबची पोलॅरिटी उलटी करा. स्टिरिओत ‘रिव्हर्स’ किंवा ‘१८०’ असेल, नसेल तर सबच्या प्लस-मायनस वायरी अदलाबदल करा. ड्रायव्हर सीटवर बसून, हळू आवाजात, ८० हर्ट्झचा टोन दोन्ही प्रकारे ऐका. जिकडं मोठा वाजतो ते बरोबर. दुसरा मार्ग म्हणजे दोन्हीकडं २४ डीबी लिंकविट्झ-रायली (फिल्टरचा एक प्रकार). तिथं कागदावर फेज जुळतो. पण दारातल्या स्पीकरचा स्वतःचाही उतार असतो, म्हणून टोननं तपासायचंच. मी २४ डीबीच घ्या म्हणेन.

६० ला का फडफडतो? तेवढाच आवाज एक ऑक्टेव्ह खाली, म्हणजे निम्म्या हर्ट्झला काढायचा तर कोनला चौपट हलावं लागतं. ८० वरनं ६० ला आलात तर हालचाल जवळजवळ पावणेदोन पट. साडेसहा इंचीच्या कॉइलला (कोन हलवणाऱ्या वेटोळ्याला) तेवढी जागा नसते. आणि सबचा लो-पास १०० च्या वर नेलात, किंवा तो १२ डीबीच्या सुस्त उतारावर ठेवलात, तर वरचे सूर डिकीतनं ऐकू येतात आणि कान लगेच मागं वळतो.

सुरुवात अशी करा: दार ८० ला २४ डीबी, सब ७० ला २४ डीबी. मध्ये १० ची फट मुद्दाम ठेवायची, कारण बंद गाडीत खालचा बास आपोआप फुगतो. पोकळ वाटलं तर सब ७५, मग ८०. एका वेळी एकच आकडा हलवा.

केर्ली_फाटा:
पोलॅरिटी उलटी केली, फरक जमीन-अस्मानाचा आहे. दोन्ही २४ डीबीवर घेऊन टोननं परत तपासलं. बास बराच पुढं आला. आता एक नवीन दिसतंय: बॅलन्स पूर्ण उजवीकडं किंवा पूर्ण डावीकडं केला की ठोका भरीव येतो, मध्ये आणला की कमी होतो.

पंचगंगा_घाट:
मग दोन्ही दारं एकमेकांशी भांडतायत. आधी वायरिंग बघा. दीड व्होल्टचा सेल ॲम्पकडच्या टोकाला, ॲम्पमधनं वायर काढून, क्षणभर टेकवा. प्लसला प्लस असताना दोन्ही दारांचे कोन बाहेर यायला हवेत. एक आत गेला तर तिथंच चूक.

ते बरोबर असेल तर अंतराचा प्रश्न. आपण उजवीकडं बसतो. टेपनं डोक्यापासून प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजा. आवाज १ मिलिसेकंदात साधारण ३४ सेंमी जातो. उजवं दार ९० सेंमी आणि डावं १४० निघालं तर ५० सेंमीचा फरक, म्हणजे उजव्याला सुमारे १.५ मिलिसेकंद उशीर द्यायचा. सब सगळ्यात लांब असतो, म्हणून त्याचा उशीर शून्य आणि बाकीच्यांचा त्याच्या हिशोबानं. मग १०० ते २०० हर्ट्झच्या पट्ट्यातला पिंक नॉइज (तपासायचा खसखसणारा आवाज) लावून उजव्याचा उशीर ०.१ नं मागं-पुढं करा. ठोका सगळ्यात जाड जिथं वाटतो तिथं थांबा. ढोलाचा धुम इथं सापडतो. हलगीचा कडकडाट बराच वर असतो, तो बघून मिडबास लावू नका.

शाहूपुरी_साउंड:
स्पीकर बदलण्याबद्दल. डब्यावरचे ‘३५० वॅट’ वाचू नका, माहितीपत्रकातले चार आकडे वाचा. एफएस (कोन स्वतःहून घुमतो तो हर्ट्झ) ५० ते ६५, क्यूटीएस (ते घुमणं किती आवरलं जातं तो आकडा) ०.५ ते ०.७, एक्समॅक्स (कोन एका बाजूला किती हलू शकतो) ५ मिमी किंवा जास्त, आरएमएस ७५ ते १००. क्यूटीएस ०.३५ च्या आसपासचा स्पीकर छोट्या बॉक्ससाठी असतो. दाराच्या मोकळ्या पोकळीत तो खाली लवकर सुकतो, आणि मग गिऱ्हाईक बास वाढवून कॉइल जाळतं.

आठ इंचीच्या कोनाचं क्षेत्रफळ साडेसहाच्या दीडपट, पण वर त्याचा आवाज लवकर एका दिशेला गोळा होतो. दोन हजार हर्ट्झच्या खूप आधी त्याला तोडावं लागतं आणि तुमचा ट्वीटर तिथपर्यंत खाली येऊ शकत नाही. म्हणजे मध्ये आणखी एक मिडरेंज, आणखी दोन चॅनेल, वर कापलेलं दार. सब असताना या गाडीत त्याची गरज मला दिसत नाही.

ॲम्पचा गेन (आवाज किती पट वाढवायचा तो खटका) कानानं लावू नका. दारांच्या स्पीकर वायरी काढा, स्टिरिओचा इक्वलायझर सपाट, आवाज कमालच्या पाऊण भागावर, १ किलोहर्ट्झचा टोन, मल्टिमीटर एसी व्होल्टवर. ७५ वॅट गुणिले ४ ओहम म्हणजे ३००, त्याचं वर्गमूळ १७.३. तेवढे व्होल्ट आले की गेन तिथंच सोडा. सब ब्रिज आहे म्हणता, तर त्याचा भार ४ ओहमच्या खाली नको. २+२ ची दुहेरी कॉइल असेल तर सिरीजमध्ये जोडा. पॅरलल जोडली तर १ ओहम होतो आणि ॲम्प प्रोटेक्शनला जातो.

उद्यमनगर_लेथ:
हे सगळं झाल्यावर गाडी उभी असताना जुळलेला सब हायवेवर कमी वाटेल. टायरचा घरघराट खालच्याच पट्ट्यात असतो. तेव्हा फक्त सबची लेव्हल २-३ डीबी वाढवा, क्रॉसओव्हरला हात लावू नका. आणि पॅड परत बसवताना तुटलेल्या क्लिपा नव्या घाला.