आंग्र्यांना चाचे म्हणणारं 1773 चं पुस्तक: गावात ठेवावं की विकावं?

गिर्येकर: आजोबांच्या पेटीत एडवर्ड आइव्हजचं समुद्रप्रवासाचं पुस्तक निघालंय. हा ॲडमिरल वॉटसनच्या ‘केंट’ जहाजावरचा सर्जन. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांनी तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला तेव्हा तो आरमारासोबत होता. पुठ्ठा कसरीने खाल्लाय, पानं मात्र शाबूत (चिंध्यांचा कागद, आमची शाळेची पुस्तकं त्याआधी भुगा झाली). चुलतभाऊ म्हणतो विकू. मी म्हणतो, वाचनालयात ठेवू.

खाडीपलीकडचा: विका. पानोपानी तुळाजी ‘चाचा’. किल्ला पडायच्या आधीच लुटीच्या वाटण्या ठरवून निघालेले हे लोक, आणि चाचे आम्ही? दस्तक (समुद्रात फिरायचा परवाना) न घेणारं जहाज आंग्रे पकडायचे, इंग्रजही स्वतःचे परवाने द्यायचेच की.

गिर्येकर: शिवी मान्य. पण त्याच पुस्तकात वॉटसन आंग्र्यांच्या कैदेतल्या कुटुंबाला भेटायला जातो. सहा वर्षांचा मुलगा त्याचा हात धरून रडत म्हणतो, मग आता तुम्हीच माझे वडील. तुळाजी पेशव्यांच्या हाती लागला तो कैदेतच मेला. त्याच्या घरात त्या दिवशी काय चाललं होतं, हे दुसरीकडे कुठे वाचलंत?

खाडीपलीकडचा: अहो, सर्जन ॲडमिरलच्या पगारावरचा! साहेब किती दयाळू, हे दाखवायला पोराला रडवलंय. मुलगा मराठीत काय बोलला, ते दुभाष्याने सांगितलं, मग याने लिहिलं. त्यावर तुम्ही डोळे पुसताय.

तांडेल: माका एक कळत नाय. आमच्या आज्याक गुराब म्हंजे काय ता पुस्तक वाचून कोणी शिकवक नाय.

गिर्येकर: तांडेलकाका, आज्याने गलबत पाहिलं असेल, पण लढाईची गुराब, म्हणजे पुढे तोफा असलेलं मोठं जहाज? ती पाहणारे कधीच गेले. पुढच्या तोफा कशा डागायच्या, वारा पडला की गलबतांनी वल्ही मारून तिला ओढून कशी न्यायची, हे इंग्रजांच्याच लोकांनी लिहून ठेवलं, कारण मार त्यांनी खाल्ला होता. कान्होजींच्या वेळचा इंग्रज खलाशी क्लेमंट डाउनिंगही तसाच. 1737 मध्ये त्याने छापलं. आपल्या बखरीत सरदार आहेत, शिडाची दोरी नाही.

देवगडची_माहेरवाशीण: दादा, वाचनालयात ठेवाल तर कपाट भिंतीला टेकवू नका. आमच्याकडे श्रावणात पुस्तकांवर बुरशी येते, आणि कडुनिंबाचा पाला बदलायची आठवण कोणालाच नसते. विकलं तर निदान जगेल तरी.

खाडीपलीकडचा: बघा! ताईसुद्धा माझ्या बाजूने.

देवगडची_माहेरवाशीण: तुमच्या बाजूने नाही हो. शिव्या आहेत म्हणून विकायचं, तर पेशव्यांनी इंग्रजांना बोलावून आपलंच आरमार जाळलं, तो कागदही विकणार का? पुण्याच्या दफ्तरात मोडी कागद पडलेत, ते वाचणारा आपल्याकडे कोण आहे ते आधी सांगा.

गिर्येकर: कोणी नाही. मोडीचा वर्ग लावायचा म्हटलं तर तिघं आले होते, त्यातला एक मी.

तांडेल: पुस्तकात आमच्या गावाचा नाव हा काय? आसला तर फोटो टाक.