समन्सची बजावणी: बेलिफाचा अहवाल की निळी टिक?

दावेदार: दिवाणी दाव्यात निम्मा वेळ समन्स बजावण्यातच जातो. समन्स पोचवणारा कोर्टाचा कर्मचारी म्हणजे बेलिफ. त्याचा शेरा 'इसम मिळून आला नाही', की पडली पुढची तारीख. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने क्रेडिट कार्ड वसुलीच्या दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जात, व्हॉट्सॲपवरची पीडीएफ नोटीस ग्राह्य धरली, कारण ती पोचली आणि उघडली गेली हे दिसत होतं. मग दाराला कागद डकवायचे सोहळे कशाला? स्क्रीनशॉट आणि प्रतिज्ञापत्र, बस्स.

तालुक्याचा वकील: त्या निकालावर सगळी इमारत उभी करू नका. स्क्रीनशॉटला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागेल, ते वेगळंच. मुळात नंबर कोणाचा? माझ्या एका अशील आजींचा फोन दिवसभर नातवाकडे असतो. निळी टिक त्याची, गैरहजेरीतला एकतर्फी हुकूमनामा आजींवर!

दावेदार: आणि बेलिफाचा अहवाल म्हणजे ब्रह्मवाक्य? घर कोणी दाखवलं, कोणासमोर चिकटवलं, त्याचं नाव-पत्ता लिहा असं दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 5 नियम 17 सांगतो. मी पाहिलेल्या अहवालांत तेच ते पंच फिरत असतात.

निवृत्त बेलिफ: पंचांवर बोलता, पत्त्यावरही बोला. 'मारुती मंदिराजवळ' एवढाच पत्ता, आणि गावात मारुती दोन. सोसायटीत वॉचमन आत सोडत नाही, त्याच्या हाती द्यावं तर नियम 15 आडवा. घरातली सज्ञान व्यक्ती चालते, नोकर नाही. वादीने घर दाखवायला सोबत माणूस दिला तर अर्धी कटकट मिटते. पण तेव्हा कोणी येत नाही.

दावेदार: आदेश 9 नियम 13 बघा. प्रतिवादीला तारीख माहीत होती आणि हजर राहायला वेळ होता, तर बजावणीतल्या नुसत्या त्रुटीवर हुकूमनामा रद्द होत नाही. कळलं की नाही, एवढंच महत्त्वाचं.

तालुक्याचा वकील: 'कळलं' हे सिद्ध कोण करणार? तुम्हीच. पोलिसांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 ची, हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये बजावलंय.

दावेदार: तो अटकेचा प्रश्न, दिवाणीत कशाला ओढता?

तालुक्याचा वकील: एकतर्फी वाटपात जमीन गेली की विचारा. बेलिफाने दारासमोर वेळ-ठिकाणासह फोटो काढावा, घर दाखवणाऱ्याची सही घ्यावी. व्हॉट्सॲप जोडीला पाठवा, माझी ना नाही.

दावेदार: फोटो चालेल. पण उद्या 'फोटो अस्पष्ट' म्हणून तारीख मागणारे पहिले तुम्हीच असाल.