घरच्या घरी चार मदरबोर्डांचा उघडा रॅक: सांगाडा, अंतरं आणि अर्थिंग

रेंडरघर:
ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या रेंडरिंगसाठी (दृश्यांची अंतिम चित्रं तयार करायला) घरात चार मशीन आहेत. चारही मदरबोर्ड मायक्रो एटीएक्स या छोट्या मापाचे. तिघांवर सीपीयूबरोबर आलेले बसके कूलर आहेत, चौथ्यावर १५५ मिमी उंचीचा टॉवर कूलर आणि दोन स्लॉटचं ग्राफिक्स कार्ड. चार कॅबिनेट खोलीची एक भिंत अडवतात आणि रॅम बदलायची म्हटलं तरी सगळी ओढाओढ होते. म्हणून उघडा रॅक करायचा आहे. सुताराकडून अख्खा लाकडी करून घ्यावा की स्लॉटेड अँगलचा (भोकं पाडलेल्या लोखंडी कोनपट्ट्यांचा)? दोन बोर्डांत अंतर किती ठेवायचं? आणि चार पॉवर सप्लायऐवजी दोन मोठे घेऊन दोन-दोन बोर्ड चालवता येतील का?

नटबोल्ट:
सांगाडा स्लॉटेड अँगलचा, बोर्डाखाली प्लाय. अख्खा लाकडी केलात तर पुढे कप्प्याची उंची बदलता येत नाही. अँगलला भोकं तयारच असतात, चार बोल्ट काढले की कप्पा वरखाली होतो. पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत नागदेवीला अँगल सहज मिळतो, कापूनही देतात.

तुमच्या सामानासाठी माप: उंची साडेतीन फूट, रुंदी दोन फूट, खोली सव्वा फूट, कप्पे तीन. उभे चार नग साडेतीन फुटांचे, आडवे सहा दोन फुटांचे, सहा सव्वा फुटांचे. एकूण साडेतेहतीस फूट, म्हणजे दहा फुटी चार नग पुरतात. दोन नगांतून प्रत्येकी दोन उभे आणि एक दोन फुटी कापा, बाकीचं उरलेल्या दोनांत बसतं. बारा कोपरे आहेत, प्रत्येकाला कॉर्नर प्लेट घ्या आणि मागच्या बाजूला एक तिरकी पट्टी माराच. ती नसेल तर रॅक डुलतो आणि ग्राफिक्स कार्ड स्लॉटमध्ये हलत राहतं.

बसक्या कूलरचे तीन बोर्ड मधल्या कप्प्यात, पुस्तकं लावतात तसे उभे. मध्यापासून मध्यापर्यंत १५० मिमी अंतर ठेवा. प्लाय, स्टँडऑफ (बोर्ड प्लायपासून उचलून धरणारे छोटे खुंट), कूलर, रॅम धरून साधारण १०० मिमी जातात, उरलेली जागा हवेला. ग्राफिक्स कार्डवाला बोर्ड मात्र सर्वांत वर आडवा. बोर्ड उभा ठेवला की कार्ड आडवं लोंबतं आणि उघड्या प्लायच्या ट्रेवर त्याची टोकाची धातूची पट्टी स्क्रूने धरायला कॅबिनेट नसतं, सगळा भार स्लॉटवर येतो. आडव्या बोर्डावर कार्ड सरळ उभं राहतं. तरी पट्टीच्या स्क्रूसाठी ट्रेच्या कडेला अँगलचा एक तुकडा उभा करा.

आता ट्रे. १२ मिमी प्लाय, ३०० बाय ३०० मिमीचे चार तुकडे, सुताराकडच्या कातरणात निघतात. बोर्ड प्लायवर ठेवून त्याच्याच भोकांतून पेन्सिलने खुणा करा आणि ३.२ मिमीच्या ड्रिलने आरपार पाडा. स्टँडऑफ थेट लाकडात पिळू नका, दोनदा उघडझाप केली की ते ढिले होतात. खालून एम-३ चा १६ मिमी चपट्या डोक्याचा बोल्ट, वर १० मिमीचा दोन्हीकडून आटे असलेला पितळी स्टँडऑफ, त्यावर बोर्ड आणि ६ मिमीचा स्क्रू. इथे बोल्टची लांबी महत्त्वाची आहे. १६ चा घेतला तर स्टँडऑफमध्ये ४ मिमी शिरतो आणि वरच्या स्क्रूला जागा राहते. २० चा घेतलात तर दोघांची टोकं आत भिडतात. वरचा स्क्रू घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण बोर्ड सैलच असतो. आणि भोक आहे तिथेच स्टँडऑफ लावा. जादा एखादा बोर्डाच्या मागच्या सोल्डरला टेकला तर शॉर्ट ठरलेला.

बोर्ड जुन्या ब्रँडेड ऑफिस पीसीतले असतील तर आधी भोकं आणि पॉवरचा कनेक्टर पाहा. त्यांत बऱ्याचदा दोन्ही वेगळे असतात.

अर्थिंगआधी:
सांगाडा वर छान सांगितलाय. पण लोखंडी रॅकला अर्थिंग नसेल तर बाकीचं सगळं व्यर्थ आहे.

प्रत्येक पॉवर सप्लायच्या फिल्टरमध्ये फेजकडून बॉडीला आणि न्यूट्रलकडून बॉडीला असे छोटे कपॅसिटर असतात. अर्थ तुटलेला असला की बॉडी साधारण ११५ व्होल्टवर तरंगते आणि हात लावला की झिणझिण्या येतात. एका कॅबिनेटला हे जेमतेम जाणवतं. इथे चार सप्लाय एकाच लोखंडाला लागलेले, त्यांची गळती एकत्र होते. आधी मल्टिमीटरने सॉकेट तपासा: फेज ते अर्थ २३० च्या आसपास, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. तसं नसेल तर आधी इलेक्ट्रिशियन, मग रॅक.

अँगलवर रंग असतो, त्यामुळे बोल्ट आवळला तरी जोड विजेच्या दृष्टीने भरवशाचा नसतो. एका पायाजवळचा रंग कानसने खरवडा, रिंग लग (वायरच्या टोकाची कडी) आणि दातेरी वॉशर घालून अर्थची हिरवी वायर बसवा. मग प्लगच्या अर्थ पिनपासून रॅकच्या प्रत्येक नगापर्यंत रेझिस्टन्स मोजा. एक ओहमच्या वर दिसला तर त्या कोपऱ्यातलाही रंग खरवडा.

एका सप्लायवर दोन बोर्ड चालवू नका. २४ पिनच्या केबलमधली हिरवी तार सप्लाय चालू करते. ती दोन बोर्डांना वाटून दिली की एक मशीन बंद केलं तरी दुसऱ्यामुळे १२ व्होल्ट त्याच्याकडे येतच राहतात. चार साधे सप्लाय घ्या.

चारही पूर्ण लोडवर मिळून ८०० वॉट धरले तर साडेतीन अँपियर होतात. ६ अँपियरच्या सॉकेटवर आकड्यात बसतं, पण रेंडर रात्रभर चालतो आणि स्वस्त स्पाइक गार्डची वायर बारीक असते. १६ अँपियरचा पॉइंट आणि १.५ स्क्वेअर मिमी वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड वापरा.

रेंडरघर:
धन्यवाद, दोन सप्लायचा विचार सोडला. चारही सप्लाय खालच्या कप्प्यात ठेवले तर चालेल ना? आणि उघड्यावर असल्याने वेगळे पंखे लागणार नाहीत, असं धरू का?

नटबोल्ट:
तीन खाली, चौथा वरच्या बोर्डाशेजारी. २४ पिनची केबल बहुधा ५०० ते ५५० मिमी असते, तळापासून वरच्या कप्प्यापर्यंत ती पोचत नाही. खालचे तीन कडेवर उभे करा आणि पंख्याच्या बाजूला निदान ४० मिमी मोकळे सोडा.

पंखे लागतात. कॅबिनेटमधली हवा एका दिशेने ओढली जाते, तिच्यामुळे सीपीयूभोवतालचा व्हीआरएमही (सीपीयूला योग्य व्होल्टेज देणारा भाग) थंड राहतो. उघड्यावर सीपीयूचं तापमान उतरतं आणि व्हीआरएमचं चढू शकतं, विशेषतः टॉवर कूलरच्या बोर्डावर, कारण त्याचा पंखा खाली वारा देतच नाही. मधल्या कप्प्याच्या तळाला १२० मिमीचे तीन पंखे वर तोंड करून लावा, आणि वरच्या बोर्डावर एक तिरपा.

अर्थिंगआधी:
दोन गोष्टी राहिल्या. बायोसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं याची सेटिंग असते. ती चारही मशीनवर ‘ऑन’ ठेवली तर लाइट येताक्षणी चारही सप्लाय एकदम करंट ओढतात आणि एमसीबी पडू शकतो. एकावरच ‘ऑन’ ठेवा, बाकीच्या तिघांना त्याने वेक ऑन लॅनने (नेटवर्कवरून मशीन चालू करायची सोय) मिनिटाभराच्या अंतराने उठवावं.

दुसरी गोष्ट पालीची. ऊब मिळते म्हणून पाल हमखास येते आणि सप्लायच्या जाळीतून आत शिरली तर तो गेलाच. बारीक मच्छरदाणीने वारा अडतो, म्हणून ३-४ मिमी छिद्रांची तारेची जाळी घ्या. ती प्लास्टिक टायने सांगाड्याच्या बाहेरून बांधा, बोर्डापासून दूर, आणि पुढची बाजू बिजागरीवर ठेवा म्हणजे रॅम बदलायला सगळं सोडवावं लागणार नाही.